अब्जात चौदा

पहाटे पावणेपाचला सोल्नोकमध्ये
तिसा नदीवर अजून धुकं असतं
आणि तरणतलावाचे दिवे लागलेले असतात.
मी प्रथमोपचाराच्या खोलीत यंत्र मांडते,
नव्या नळीचं पाकीट कात्रीने फोडते, दातांनी नाही.
(माझ्या आधीच्या इरेनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.)

वास आधी येतो.
लोक म्हणतात क्लोरीनचा. तसा तो नुसत्या क्लोरीनचा नाही.
क्लोरीन आणि माणसं,
म्हणजे घाम, लाळ, कातडीचा कोंडा
आणि कुणीच कबूल करत नाही असं थोडं काही,
यांच्या भेटीतून जे जन्मतं, त्याचा.
ते पाण्याला चिकटून वीतभर उंचीवर पसरून राहतं
आणि नेमकं त्याच वितीत
पोहणाऱ्याचं तोंड उघडतं.

बोरोका केलेमेन. वय सतरा. दोनशे मीटर बटरफ्लाय.
टॉवेल गुंडाळून येते, खुर्चीखाली डबकं साचतं.
पडद्यावर एक ढग आहे.
तो दोन रेषांच्या मध्ये ठेवायचा, दहा सेकंद.
जोरात फुंकलं की वर पळतो,
दम सुटला की खाली बसतो.
तिच्या छातीत सहा लिटर हवा, माझ्यात जेमतेम तीन.
तिचा ढग
भिंतीवर टांगल्यासारखा जागच्या जागी.

चौदा.
तिने सोडलेल्या हवेच्या अब्ज कणांमागे चौदा.
निरोगी माणसाचा आकडा.
मी लिहून घेते.
ती खोकते.
रकान्यात खोकल्याला जागा नाही.

मग मिठाचं पाणी, बारीक फवारा करून.
पाच मिनिटं ओढायचं, खाकरायचं, डबीत थुंकायचं.
पहिली नुसती लाळ, ती टाकून द्यायची.
खालची हवी, तळाची.
"एवढं मीठ तर आईच्या काकडीच्या बरणीतही नसतं,"
ती म्हणते, डोळ्यांत पाणी,
आणि पुन्हा तोंड लावते.

दुपारी काचपट्टीवर
मी ज्या लाल दाण्यांच्या पेशी शोधत होते,
त्या अख्ख्या पट्टीवर दोन.
पण अस्तर!
गोधडीचा टाका उसवावा
तसं श्वासनळीचं अस्तर सुटून आलेलं, पुंजक्या-पुंजक्यांनी.
काही पेशींवर ते बारीक केस अजून होते,
आयुष्यभर धूळ बाहेर लोटणारे,
आता कुणाचीच धूळ न लोटणारे.
मी बराच वेळ भिंग हलवलं नाही.
यंत्राला एका जातीची सूज कळते.
झिजणं कळत नाही.

संध्याकाळी झिगमोंद बाची दारात उभा.
एकतीस वर्षं काठावर. शिट्टी, घड्याळ, रबरी चपला.
पाण्यात कधी उतरत नाही,
पण वेळ ओरडायला गुडघ्यांवर वाकतो, त्याच वितीत.
पोरी खोकल्या की म्हणायचा,
पाण्यात राहून पाण्याशी वैर कशाला.
आमच्या यादीत तो नाही. यादी पोहणाऱ्यांची.
"एखादी नळी उरली असेल तर," तो म्हणाला.

चौथ्या सेकंदाला ढग खाली बसला.
"यंत्र बिघडलंय."
दुसऱ्यांदा पाचव्या.
"सांगितलं ना, बिघडलंय."
बोरोका बॅग खांद्यावर टाकून निघाली होती, ती थांबली.
"बाची, शर्यत नाही ही.
झारीने रोपांना पाणी घालतात ना, तसं."
आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून
तिने मोजलं, दहापर्यंत, सावकाश,
जसं तो तिला मोजत आला सात वर्षं.

आकडा आला.
वहीत त्याला ओळ नव्हती, मी मागच्या पानावर लिहिला.
"पास?" त्याने विचारलं.
मी म्हटलं, सोमवारी डॉक्टरांकडे जा.

तो काही बोलला नाही.
उत्तरेच्या भिंतीतल्या दोन उंच खिडक्या
गॅसचं बिल वाढतं म्हणून हिवाळाभर बंद असतात.
लांब आकडी घेऊन तो त्या उघडायला लागला.
एक अडकली. त्याने शिवी हासडली. उघडली.
थंडी आत घुसली, पाण्यातल्या मुली किंचाळल्या,
पाण्यावरून काहीतरी उठून गेलं,
वाफच असेल.
बोरोका खोकली.
मग थोडा वेळ नाही.
मग पुन्हा खोकली.